निशाणी कोण लावणार?

न्यायालयाचा एक नियम आम्हा वकिलांच्या अंगवळणी पडलेला असतो. दस्तऐवज कितीही खरा असो, तो शाबीत होऊन त्यावर निशाणी पडल्याशिवाय पुराव्यात वाचला जात नाही. तोवर तो नुसता कागद. कलेच्या दरबारातही हाच कायदा चालतो. तिथे निशाणी लावणाऱ्याला क्युरेटर म्हणतात. कोणाचे चित्र भिंतीवर लावायचे, कोणाच्या शेजारी लावायचे, खाली काय लिहायचे आणि कोणाला दारातूनच परत पाठवायचे, हे तो ठरवतो. आंबेडकरी चळवळीने कवी दिले, शाहीर दिले, चित्रकार दिले. ही खुर्ची मात्र पिढ्यान्‌पिढ्या प्रस्थापितांच्या ताब्यात राहिली. ज्याच्या हाती निवड, त्याच्या हाती इतिहास, हे आमच्या बांधवांनी ध्यानात घेतले पाहिजे.

म्हणूनच प्रभाकर कांबळे यांची वाटचाल आम्हाला महत्त्वाची वाटते. मुंबईत काम करणारा हा दृश्यकलावंत स्वतःची कलाकृती घडवून थांबला नाही, इतरांच्या कलाकृती निवडून मांडण्याचे कामही त्याने हाती घेतले. २०२१ मध्ये त्यांनी ‘ब्रोकन फूट’ हे ऑनलाइन प्रदर्शन क्युरेट केले. विषय होता विषमतेचा. या नावातला पाय आम्हाला दोन ठिकाणी नेतो. एक, ज्या पायांतून शूद्र जन्मला असे धर्मग्रंथ सांगतात ते पाय. दुसरे, २०२० च्या टाळेबंदीत शेकडो मैल तुडवून फुटलेले मजुरांचे पाय. दोन्ही पाय एकाच माणसाचे आहेत, हे वेगळे सांगायला हवे काय?

पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, बर्लिनच्या बाराव्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांची ‘उतरंड’ मांडली गेली. खेड्यातल्या प्रत्येक घराला ठाऊक असलेली, एकावर एक रचलेली मातीची मडकी. तळाच्या मडक्यावर सगळ्यांचा भार आणि ते हलले तर सगळी रास खाली! ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मजल्यांच्या मनोऱ्याची उपमा दिली होती. त्यानंतर १०२ वर्षांनी तोच विचार मडक्यांच्या रूपाने जर्मनीत उभा राहिला. विचाराचा वारसा चालतो तो असा.

परंतु याच बर्लिनमध्ये दुसरेही काही घडले आणि तेही आपण शिकण्यासारखे आहे. प्रदर्शनाचे क्युरेटर कादर अत्तिया हे अल्जेरियन वंशाचे फ्रेंच कलावंत, वसाहतवादाचे कडवे टीकाकार. तरीही अबू गरीब तुरुंगात छळ झालेल्या इराकी कैद्यांची छायाचित्रे मोठी करून मांडणारी एक कलाकृती तिथे लागली आणि इराकी कलावंतांची कामे तिच्या शेजारी ठेवली गेली. इराकी क्युरेटर रिजिन सहाकियन यांनी जाहीर पत्र लिहून याचा निषेध केला आणि इराकी कलावंतांनी आपली कामे तिथून काढून घेतली. पुरोगामी माणसाच्या हातूनही हे घडते! ज्याचा देह चित्रात आहे, त्याला कोणी विचारले काय? २००६ च्या खैरलांजीनंतर आपल्या माणसांच्या विटंबित देहांची छायाचित्रे हातोहात फिरली. त्यांच्याबाबतही हाच प्रश्न उभा आहे. आपली वेदना कोणी, कोठे आणि कशासाठी मांडावी, हे ठरवताना आपला माणूस निर्णयाच्या खुर्चीत हवा.

खुर्चीला संशोधनाचा पाया लागतो. साक्षीदाराशिवाय दस्तऐवज शाबीत होत नाही. जवाहरलाल नेहरू विद्यापीठातील प्रा. वाय. एस. अलोने यांनी हे काम केले आहे. पश्चिम भारतातील प्रारंभीच्या बौद्ध लेण्यांचा त्यांनी अभ्यास केला आणि नागपूरचे चित्रकार सवी सावरकर यांच्यासारख्या समकालीनांवरही लिहिले. कलेचा इतिहास लिहिणारे जातीकडे डोळेझाक करतात आणि त्यांचे ते न पाहणे संस्थाच जपतात. याला अलोने ‘संरक्षित अज्ञान’ म्हणतात. दोन शब्दांत साऱ्या व्यवस्थेचे आरोपपत्र!

लेणी म्हटली की आमचे छत्रपती संभाजीनगर आले. १९३४ मध्ये बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्याबाहेरच्या हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले म्हणून त्यांचा अपमान झाला. वारसा पाहायला जाणेही आपल्याला फुकट मिळालेले नाही.

आणि त्या वारशाने काय शिकवले? कार्ल्याच्या चैत्यगृहात सामी नावाच्या सुताराचे नाव कोरलेले आहे. जुन्नरला धान्यव्यापाऱ्यांच्या श्रेणीचे दान नोंदलेले आहे, कुड्याला माळ्याचे. दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध परंपरेने कष्टकऱ्याचे नाव दगडात जपले. मग २७ जुलै १९७८ च्या विद्यापीठ नामांतराच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षांच्या लढ्यात ज्यांनी रात्री जागून फलक रंगवले, त्यांची नावे कोठे कोरायची?

कोणी म्हणेल, भाकरीचा प्रश्न सुटला नसताना चित्रांचे काय घेऊन बसलात? आम्ही म्हणतो, पाण्याचा आणि पुस्तकाचा लढा बाबासाहेबांनी वेगळा मानला नाही. शिवाय धोका दारात आहे. आज आपल्या चित्रांना बाजारात किंमत येऊ लागली आहे. गॅलरी चित्र विकत घेईल, पण त्यामागची चळवळ भिंतीवर टांगणार नाही. ते काम आपलेच आहे.

तेव्हा सुरुवात घरापासून करा. ट्रंकेतला फलक, जयंतीच्या मिरवणुकीचा फोटो, विहाराच्या भिंतीवरचे चित्र यांच्यावर वर्ष आणि रंगवणाऱ्याचे नाव लिहून ठेवा. कला महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाला चित्रकार व्हा म्हणतानाच संशोधक व्हा, क्युरेटर व्हा, असेही सांगा. वस्तुसंग्रहालयातील अभिरक्षकाच्या जागेची जाहिरात निघाली की बिंदुनामावली तपासा. तहसीलदाराच्या जागेसाठी आपण जागरूक असतो, तेवढेच इथेही असू या. पुरावा आपल्या घरात आहे. तो दाखल करणारी माणसे तयार करणे, हे या पिढीचे कर्तव्य आहे.