एक थप्पड आणि कलम ११-अ

कामगार, मालक आणि कायदा : लेखांक ७

एर्नाकुलमच्या टाटापुरममध्ये टाटा ऑइल मिल्सचा साबणाचा कारखाना होता. तिथला एक चार्जमन दुसरी पाळी संपवून घरी निघाला असताना दोघा कामगारांनी त्याला वाटेत गाठले आणि मारले. भांडण घरगुती नव्हते. कंपनीला प्रोत्साहन बोनसची योजना आणायची होती, काही कामगारांचा तिला विरोध होता आणि हा चार्जमन योजनेच्या बाजूचा होता. कंपनीने चार्जशीट दिली, चौकशी केली आणि बडतर्फीचा आदेश काढला. औद्योगिक न्यायाधिकरणाने मात्र त्यांच्यातल्या एकाला परत घ्यायला सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६४ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला.

निकाल लिहिला होता सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्याच्या या गृहस्थांनी पुढे पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्षपद भूषवले. कामगार कायद्याची आजची घडण समजून घ्यायची तर त्यांचे निकाल टाळता येत नाहीत. या निकालात त्यांनी दोन गोष्टी स्पष्ट केल्या. गेटबाहेर झालेले निव्वळ खासगी भांडण हे नोकरीतले गैरवर्तन ठरत नाही. मारहाणीचा नोकरीशी संबंध दिसला पाहिजे. आणि फौजदारी खटला चालू आहे म्हणून कंपनीने आपली चौकशी थांबवलीच पाहिजे असे नाही.

ही दुसरी गोष्ट आजही अनेक कामगारांच्या लक्षात येत नाही. ‘कोर्टातून सुटलो, म्हणजे नोकरी परत’ असा हिशेब ते मांडतात. फौजदारी न्यायालयाला गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झालेला लागतो. चौकशी अधिकाऱ्याला मात्र ‘असे घडले असण्याची शक्यता अधिक आहे’ एवढे पुरते. त्यामुळे एकाच मारहाणीतून सुटका आणि बडतर्फी दोन्ही निघू शकतात.

गेटबाहेरच्या मारहाणीचे गणित मात्र स्थायी आदेशांच्या, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्सच्या, एकेका शब्दावर फिरते. टाटा ऑइलच्या आदेशात ‘कारखान्यात किंवा बाहेर’ असे लिहिलेले होते, म्हणून कंपनीची बाजू सोपी झाली. मुलचंदानी इलेक्ट्रिकलच्या प्रकरणात कामावरून परतताना उपनगरी गाडीत हात उचलला गेला होता. तिथे न्यायालयाने म्हटले की कृत्य कुठेही घडो, त्याने कारखान्यातली शिस्त मोडत असेल तर ते गैरवर्तनच आहे. १९८४ च्या ग्लॅक्सो प्रकरणात काटा उलट फिरला. संपात न उतरलेल्या कामगारांना नेणाऱ्या बसवर हल्ला झाल्याचा आरोप होता, पण आदेशातले शब्द ‘आवारात किंवा आवारालगत’ असे होते. नोकरी घेणारे कलम ताणून वाचता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. बसमध्ये मार खाणाऱ्या माणसाला आवाराची हद्द कुठे संपते याच्याशी काय देणेघेणे? पण ज्याची भाकरी जाणार आहे त्याला कोणत्या वागण्याने ती जाईल हे आधी छापील स्वरूपात कळायला हवे, हा आग्रहही रास्तच आहे.

इथवरचा वाद घटनेचा. खरी झोंबाझोंबी होते ती शिक्षेवरून. मारले हे ठरले. मग बडतर्फ करायचे, दोन वेतनवाढी रोखायच्या की तंबी देऊन सोडायचे, हे कोणी ठरवायचे?

१९५८ मध्ये इंडियन आयर्न अँड स्टीलच्या निकालाने उत्तर दिले होते : मुख्यतः मालकाने. आकसाने किंवा अप्रामाणिक हेतूने कारवाई झाली, नैसर्गिक न्याय डावलला किंवा पुराव्याशी काही मेळच नसलेला निष्कर्ष काढला, तरच न्यायाधिकरणाने हात घालायचा. शिक्षा जास्त वाटली, एवढे कारण पुरेसे नव्हते. १५ डिसेंबर १९७१ पासून हे बदलले. औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ आले आणि न्यायाधिकरणाला पुरावा स्वतः तपासण्याचा, बडतर्फी रद्द करून कामगाराला परत घेण्याचा किंवा हलकी शिक्षा देण्याचा अधिकार मिळाला. १९७३ च्या फायरस्टोन निकालाने या अधिकाराची रुंदी स्पष्ट केली.

महाराष्ट्रात याच्या जोडीला आणखी एक वाट आहे. कामगार संघटना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायदा १९७१ चा, अंमल १९७५ पासून. त्याच्या चौथ्या परिशिष्टानुसार, किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, त्याचे स्वरूप आणि कामगाराचा मागचा सेवाइतिहास न पाहता, धक्कादायक वाटावी इतकी जड शिक्षा देणे ही मालकाची अनुचित प्रथा ठरते. अडचण ‘किरकोळ’ या शब्दात आहे. नाकाचे हाड मोडले तर ते कोणीही किरकोळ म्हणणार नाही. कॉलर धरली तर? हात उगारला, पण लागला नाही तर?

न्यायालयांची उत्तरेही काळानुसार हललेली दिसतात. १९८२ मध्ये वरिष्ठांना अपशब्द आणि धमकीची भाषा वापरणाऱ्या उत्तर प्रदेशातील कामगाराची चौदा वर्षांची सेवा निष्कलंक होती. सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि दोन वेतनवाढी रोखल्या. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या कामगाराने सुपरवायझरला शिवीगाळ केली होती. कामगार न्यायालयाला शिक्षा जड वाटली होती. सर्वोच्च न्यायालयाने मात्र बडतर्फी कायम ठेवली. त्याच वर्षी मध्य प्रदेश वीज मंडळाचे प्रकरण आले. तिथे कामगाराने वरिष्ठाला टेन्शन स्क्रूने मारून त्याचे नाक फोडले होते. कामगार न्यायालयाने मागील पगाराविना त्याला परत घेतले होते. तो आदेशही रद्द झाला. कर्नाटकातल्या एका प्राध्यापकाने प्राचार्याला चपलेने मारल्याच्या प्रकरणातही चिथावणीचा मुद्दा बडतर्फी टाळू शकला नाही.

वीज मंडळाच्या निकालाशी वाद घालणे कठीण आहे. हत्यार, रक्त, वरिष्ठ अधिकारी, सगळे एका जागी आले होते. पण तोंडातून निघालेली शिवी आणि हातातून निघालेला स्क्रू यांना एकच शिक्षा मिळते तेव्हा ११-अ ने हाती दिलेला ताजवा फारसा वापरलाच गेला नाही, असे वाटल्यावाचून राहत नाही. शॉपफ्लोअरवरची भाषा शिष्टाचाराच्या पुस्तकातली नसते, हे न्यायाधीशांपेक्षा फोरमनला अधिक ठाऊक असते.

प्रत्यक्ष सुनावणीत निकाल फिरवणाऱ्या गोष्टी साध्या असतात. तक्रार त्याच पाळीत लिहिली की चार दिवसांनी? डॉक्टरच्या दाखल्यावर वेळ काय आहे? आधी कोणी ढकलले? साक्षीदार दोन्ही बाजूंचे आहेत की सगळे एकाच युनियनचे? दोघे एकमेकांशी भिडले असतील तर एकालाच का काढले? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसले की कंपनीची केस लंगडी होते. बडतर्फ झालेला माणूस युनियनचा पदाधिकारी असेल तर आकसाचा संशय त्याच फटीतून शिरतो.

हे सगळे कोर्टाऐवजी दोघांनी मिळून निवडलेल्या लवादापुढेही चालू शकते. स्वेच्छा लवादाची ही सोय १९५६ मध्ये कलम १०-अ ने केली. असा लवाद शिक्षा कमी करू शकतो का, हा प्रश्न गुजरात स्टील ट्यूब्सच्या प्रकरणात सुटला. संपाच्या काळात ८५३ कामगारांना काढल्याचा वाद लवादाकडे गेला होता आणि त्याने कंपनीला योग्य ठरवले होते. उच्च न्यायालयाने ते उलटवले. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या बहुमताच्या निकालाने सांगितले की ११-अ चे अधिकार लवादालाही आहेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिने जुना औद्योगिक विवाद कायदा गुंडाळला, पण स्वेच्छा लवाद आणि शिक्षा हलकी करण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार, दोन्ही ठेवले आहेत. न्यायाधिकरणात आता एक न्यायिक आणि एक प्रशासकीय सदस्य बसणार. निलंबित कामगाराची चौकशी साधारणपणे ९० दिवसांत संपवायची आहे. स्थायी आदेशांचे बंधन मात्र तीनशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरते उरले आहे. त्याहून लहान कारखान्यात हाणामारी झाली तर गैरवर्तनाची व्याख्या कुठल्या कागदावर शोधायची, हा प्रश्न आता न्यायाधिकरणांसमोर येईल.

(पुढील लेखांक : मागील पगार किती आणि कधी मिळतो?)