वार्धक्यांत नाचावें काय ?

पिकल्या केसांचा मनुष्य नाचूं लागला, म्हणजे त्यास म्हातारचळ लागला असें म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आमचीहि समजूत कालपरवांपर्यंत हीच होती. परंतु दोन वर्षांपूर्वीं आमच्या वडील भगिनी न्हाणीघरांत पाय घसरून पडल्या, मांडीचें हाड मोडलें, आणि जन्मभर दुसऱ्यांस वाढणाऱ्या त्या माउलीस तांब्याभर पाण्यासाठीं हांक मारण्याची पाळी आली. पुढें हाड सांधलें. मनांतील भीति मात्र गेली नाहीं. भीतीनें चालणें सुटलें, व चालणें सुटल्यानें पायांतील उरलेलें बळहि गेलें. तेव्हांपासून आम्हीं या विषयाचा विचार आरंभिला.

शरीराचा तोल सांभाळण्यासाठीं डोळे, कानाचा आंतील भाग आणि पायांतील संवेदना हीं तिन्ही मेंदूस वार्ता देत असतात. वयोमानानें ही वार्ता मंदावते व स्नायूहि क्षीण होतात. फिरावयास जाणें उत्तम खरेंच. पण त्यांत पाऊल बहुधा एकाच दिशेस पडतें. नृत्यांत तें पुढें, मागें व बाजूस टाकावें लागतें, ताल ऐकावा लागतो आणि क्रमहि स्मरावा लागतो. अर्थात् देह व बुद्धि या उभयतांस एकाच वेळीं व्यायाम घडतो.

यास प्रमाण काय, असें सुज्ञ वाचक विचारतील. जिनीव्हा येथें ६५ वर्षांवरील १३४ जणांवर झालेल्या प्रयोगाचा वृत्तान्त २०११ सालीं छापून आला. पियानोच्या तालावर पावलें टाकण्याचा तासाभराचा वर्ग आठवड्यांतून एकदां, असा सहा महिने चालला. तो करणारांची चाल स्थिरावली व पडण्याचे प्रसंग कमी झाले. न्यूयॉर्क येथील, २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत ७५ वर्षांवरील ४६९ जण होते. तींत शारीरिक करमणुकींपैकीं एका नृत्याचाच स्मृतिभ्रंश कमी असण्याशीं संबंध आढळला. अर्थात् ज्यांची बुद्धि मूळचीच शाबूत तेच नाचत असतील, अशी शंका येथें घेतां येते. म्हणून आमचा भर पहिल्या प्रयोगावर अधिक आहे.

नृत्य म्हणजे रंगभूमीवरीलच असें नव्हे. वारकऱ्यांची पावली, मंगळागौरीचा झिम्मा, टिपऱ्या हीं आपल्या घरचींच आहेत. फुगडीची गरगर मात्र या वयांत नको. हृदयविकार, घेरी किंवा ठिसूळ हाडें असल्यास आधीं डॉक्टरांस विचारावें. ओली फरशी टाळावी व आधारास जवळ खुर्ची ठेवावी.

गेल्या चातुर्मासापासून आम्ही सायंकाळीं देवळांत टाळमृदंगावर पावली खेळतों. पहिल्या दिवशीं लाजेनें खांबाआड उभे होतों. विजार चढवितांना भिंतीचा आधार लागत असे, तो आतां लागत नाहीं. भगिनींनीं प्रथम खुर्चीवर बसूनच पायांनीं ताल धरला. परवां त्या आमचा हात धरून तुळशीपर्यंत आल्या, आणि तेथें हात सोडून त्यांनीं स्वतः पाणी घातलें. लोक हंसले तर हंसोत. तांब्या आपल्या हातीं राहिला, हें कांहीं थोडें नव्हे.