प्लायवूड : आधी कडा, मग रंग



सागवान आता आवाक्याबाहेर गेले. मोटारीच्या खोलीचे दार, न्हाणीघराचे दार, रस्त्याकडेचा फलक, सगळीकडे प्लायवूड आले. पहिल्या दिवाळीला दार झकास दिसते. पुढच्या पावसाळ्यात खालची कड फुगते, पापुद्रे सुटतात आणि बोल लागतो रंगाच्या डब्याला. आमच्या मते डबा बहुतेक वेळा निर्दोष असतो. रंग लागायला हवा तिथेच लागलेला नसतो.

प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ थर, एकाचे रेषे उभे तर दुसऱ्याचे आडवे, राळेने चिकटवून दाबलेले. फळी कापली की कडेला या रेषांची तोंडे उघडी पडतात आणि वातीने तेल ओढावे तसे पाणी ओढतात. त्यातही दाराची खालची कड! सुतार दार बसवताना ती जागेवरच तासतो, दार बिजागरीवर चढते आणि ती कड जन्मभर कोरीच राहते. कुणाला दिसत नाही ना! म्हणून दार टांगण्यापूर्वी आडवे ठेवून चारही कडा पॉलिश कागदाने घासाव्यात. तेलाच्या अस्तरात थोडे टर्पेंटाइन घालून पहिला हात पातळ द्यावा. कड तो पिऊन टाकील. वाळला की दुसरा, मग तिसरा, पिणे थांबेपर्यंत. कडीकोयंड्याची भोकेही सोडू नयेत. दोन्ही अंगांना सारखेच हात द्यावेत, नाहीतर एका अंगाने ओल जाते आणि दाराला बाक येतो.

स्लॅबच्या सेंटरिंगला येते त्या काळपट तपकिरी प्लायवर राळेचा कागद कारखान्यातच दाबून बसवलेला असतो. पाठ-पोट पक्के, पण करवत लागली की तिचीही कड उघडीच.

रंगाने आतली राळ मात्र सुधारत नाही. 'एम.आर.' शिक्क्याची फळी घरातल्या कपाटापुरती. पाण्याच्या जागी आय.एस. ७१० ची घ्यावी. तिचा तुकडा ७२ तास उकळून राळेची परीक्षा घेतात.

आपल्या जिल्ह्यात घाटघर-रतनवाडीकडे पाऊस धो धो, तर राहुरी-नेवाशाकडे खरा वैरी ऊन. उन्हात नुसते पारदर्शक व्हार्निश टिकत नाही. किरण त्यातून आरपार जाऊन लाकूड सडवतात आणि वरचा थर सुटतो. एपॉक्सी पाण्याला पक्के, पण उन्हात त्याची भुकटी होते. त्यावर पॉलियुरेथेनचा हात लागतोच. साधे दार असेल तर अस्तरावर बाहेरच्या कामाचा रंगीत ऑइलपेंट पुरे. रंगातली पूडच किरण अडवते.

मुहूर्त म्हणाल तर कारखान्याचा पट्टा पडल्यापासून मृगापर्यंत. फळी तेव्हा कोरडी असते. फक्त भर दुपारी, तापलेल्या फळीवर ब्रश लावू नये.

आणखी एक, जिवाचे. जवसाचे उकळलेले तेल, रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात, ते पुसलेल्या चिंध्या गोळा करून टाकू नयेत. तेल वाळताना तापते आणि गोळ्याच्या पोटात काडी न लावता आग लागते. शेजारी पाचटाची गंज असली तर काय होईल ते सांगायला नको. चिंध्या पाण्यात बुडवाव्यात किंवा एकेक पसरून उघड्यावर वाळवाव्यात.