आडवे, दोन अक्षरी: पान

शब्दकोड्यात सर्वांत जास्त राबतात ते पान, मान, पाठ, कर, काटा असे दोन अक्षरांचे रोजच्या बोलण्यातले शब्द. घरे दोनच लागतात आणि अर्थ हवे तितके निघतात. त्यातही सीमाभागातल्या निपाणीकराच्या सर्वांत जवळचा शब्द 'पान'. झाडाचे, पुस्तकाचे, पत्त्यांतले, पंगतीत मांडलेले, चुना-कात लावून दिलेले, ही पाने पुण्या-मुंबईतही आहेत. निपाणीत त्यांत शेतातल्या तंबाखूच्या आणि विडी वळायच्या टेंभुर्णीच्या पानाची भर पडते. ही सगळी मंडळी संस्कृत 'पर्णा'च्या वंशातली. 'धूम्रपाना'तले पान मात्र परके. ते पिण्याच्या 'पा' धातूचे. 'विडीला लागते, धूम्रपानाला चुकत नाही' हे शोधसूत्र त्यामुळे एकाच्या जागी दोन वेगळ्या शब्दांना हात घालते, आणि उत्तर तरीही एकच राहते.

एका शब्दाचे अनेक अर्थ गोळा करण्याची हौस कोड्यांहून फार जुनी आहे. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात त्यासाठी स्वतंत्र नानार्थवर्ग आहे. बाराव्या शतकात हेमचंद्राने अनेकार्थसंग्रह रचला. मराठीत मोरोपंतांनी श्लेष-यमकांची चैन केली. चौकटींचे कोडे त्यामानाने कालचे. २१ डिसेंबर १९१३ रोजी आर्थर विन याने ते 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये छापले, तेही शंकरपाळ्याच्या आकारात. लंडनच्या 'टाइम्स'ने १ फेब्रुवारी १९३० पासून कोडे सुरू केले. एकाच शोधसूत्रात दोन अर्थ शेजारी ठेवून फसवण्याची कला इंग्रजांनी पुढे चांगलीच घोटली.

मराठीने चौकट घेतली, पण घर दिले अख्ख्या अक्षराला, काना-मात्रा-वेलांटीसकट आणि जोडाक्षरासकट. इंग्रजीत पाच-सहा घरे खाणारा शब्द मराठीत दोन-तीन घरांत मावतो. दोन अक्षरी शब्दांची गर्दी होते ती यामुळेच. मदतीला मोल्सवर्थचा १८३१चा कोश होता, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड १९३२ पासून येत होते.

कोड्याला पैशाची चटक लागली आणि अनेकार्थाचा उपयोग उलटा होऊ लागला. बक्षिसाच्या कोड्यात एका जागी दोन-तीन शब्द सारखेच बसतील अशीच रचना असे. शोधसूत्र 'पंगतीत पाहुण्याचा हक्क' आणि पहिले घर रिकामे, दुसऱ्यात 'न'. पान लिहावे की मान? दोन्ही शोभतात; बरोबर तेच, जे संपादकाच्या मोहोरबंद उत्तरात असेल. भाषेचे ज्ञान इथे उपयोगी पडत नाही, कौल लावावा लागतो.

या धंद्याचा सर्वांत गाजलेला खटला मुंबई राज्याच्या सीमेवरून लढला गेला. बंगळूरला छापल्या जाणाऱ्या 'स्पोर्टिंग स्टार' या पत्रातून आर. एम. डी. चामरबागवाला यांची कंपनी 'आरएमडीसी क्रॉसवर्ड्स' चालवी. मुंबई राज्यातल्या एजंटांमार्फत प्रवेशिका आणि पैसे बंगळूरला जात. अशा स्पर्धांवरच्या करासाठी मुंबईचा १९४८चा कायदा होताच. १९५२च्या दुरुस्तीने तो राज्याबाहेर छापलेल्या पत्रांनाही लावण्यात आला. बंगळूर म्हैसूर राज्यात, निपाणी मुंबई राज्याच्या बेळगाव जिल्ह्यात, अशी तेव्हाची मांडणी. वाद न्यायालयात असतानाच केंद्राचा बक्षीस स्पर्धा कायदा १ एप्रिल १९५६ पासून लागू झाला. त्याने महिन्याच्या बक्षिसांची एकूण रक्कम १,००० रुपयांवर आणि प्रवेशिकांची संख्या २,००० वर जखडली. १ नोव्हेंबरला राज्य पुनर्रचना झाली, निपाणी म्हैसूरमध्ये गेली. मग ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या बाजूने निकाल दिला: जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे. त्याच दिवशीच्या जोडनिकालाने केंद्राच्या कायद्यातून निव्वळ कौशल्याच्या स्पर्धा वगळल्या.

कौशल्याच्या कोड्याची अट सोपी आहे. अर्थ कितीही असोत, उत्तर एकच निघाले पाहिजे. मराठीत ही अट पाळताना लिंग आडवे येते. ती मान गळ्यावरची, तो मान सन्मानाचा, ते मान प्रमाणाचे. ती पाठ अंगाची, तो पाठ पुस्तकातला. 'ती' किंवा 'तो' लिहिले, किंवा क्रियापदातून लिंग कळले, की निम्मे गुपित फुटते, म्हणून मुरलेला रचनाकार क्रियापदच गाळतो. वर्तमानपत्री कोड्यांत इतके कष्ट क्वचितच दिसतात. बहुतेक शोधसूत्रे एका प्रतिशब्दावर भागवतात, ही उणीवच म्हणावी लागेल.

सीमाभागात काही शब्दांना जादा अर्थ चिकटले आहेत. 'वखार' म्हटले की पुण्यात लाकडे आठवतात, इतिहासाच्या पुस्तकात सुरत, निपाणीत तंबाखू. 'महाजन' म्हणजे सावकार किंवा थोर लोक. इथे तो आयोगही आहे. सीमावादासाठी १९६६ साली नेमलेल्या या आयोगाने बेळगाव म्हैसूरकडेच ठेवले, पण निपाणी महाराष्ट्राला देण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. कन्नडचा शेजार आणखी गुंता घालतो. तिकडे 'हत्ति' म्हणजे कापूस, 'मने' म्हणजे घर. शब्दकोड्याला कन्नडमध्ये 'पदबंध' म्हणतात. मराठी शाळेत तो व्याकरणाच्या तासाचा शब्द.

गावांची नावेही चौकटीत वेगळी वागतात. 'निपाणी' आणि कन्नड वळणाचे 'निप्पाणी' दोन्ही तीनच घरांत बसतात, कारण जोडाक्षराला जादा घर लागत नाही. २०१४च्या १ नोव्हेंबरला बेळगावचे सरकारी नाव 'बेळगावी' झाले, तेव्हाही घरे चारच राहिली. फरक पडला तो शेवटच्या घरातून जाणाऱ्या उभ्या शब्दाला: तिथे 'व' चालत होता, आता 'वी' हवी.