रक्ताचें नातें आणि रक्ताचा गट

आपल्या भाषेंत जवळीक मोजण्याचें माप रक्त हेंच आहे. 'रक्ताचें नातें', 'एका रक्ताचीं भावंडें' असे शब्द आपण नित्य योजितों, आणि संकटाच्या वेळीं सख्ख्या माणसांकडे वळतों तेंहि याच विश्वासानें. परंतु एका देहांतील रक्त दुसऱ्या देहांत खरोखरच घालावयाची वेळ येते, तेव्हां हा विश्वास कितपत टिकतो? गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं जो प्रसंग गुदरला, त्यानें हा प्रश्न आमच्यापुढें उभा केला. त्याचें उत्तर वाचकांच्या घरींहि केव्हांतरी उपयोगीं पडेल, म्हणून तें येथें मांडीत आहों.

स्नेह्यांची कन्या पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं आली होती. प्रसूति नीट झाली, परंतु मागाहून रक्तस्राव थांबेना. रक्त द्यावें लागेल असें डॉक्टरांनीं सांगतांच तिघेंजण एकदम पुढें झालीं: वडील, आई आणि जांवई. वडिलांनीं तर सदऱ्याची बाहीहि वर सारली होती. मुलीचा गट 'ओ'. तपासणींत वडिलांचा 'बी' व आईचा 'ए' निघाला. दोघांचेंहि रक्त तिला चालण्यासारखें नव्हतें. जांवयांचा गट मात्र 'ओ' होता. तरीहि त्यांचें रक्त तिच्यासाठीं घेण्याचें डॉक्टरांनीं नाकारिलें. अखेर रक्तपेढींतून दोन पिशव्या आल्या. तें रक्त कोणाचें होतें, हें कोणासच ठाऊक नव्हतें. मुलगी वांचली. परंतु वडील त्या रात्रीं बाहेरच्या बाकावर बसून आम्हांस पुनःपुन्हां एकच विचारीत होते, "मुलगी माझी, मग माझें रक्त तिला कां चालूं नये?"

हा प्रश्न वैद्यकासहि दीर्घकाळ छळीत होता. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनीं १८१८ सालापासून माणसाचें रक्त माणसास देण्याचे प्रयोग केले. रक्तस्रावानें बाळंतिणी डोळ्यांदेखत दगावत, तें पाहून त्यांस ही कल्पना सुचली होती. त्यांचे कांहीं रोगी वांचले, कांहीं दगावले. परंतु हा भेद कां पडतो, तें कोणास सांगतां येईना. तें कोडें व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनीं उलगडलें. त्यांनीं स्वतःचें व सहकाऱ्यांचें रक्त घेऊन एकाच्या तांबड्या पेशी दुसऱ्याच्या रक्तजलांत मिसळून पाहिल्या. कांहीं जोड्यांत पेशी मोकळ्या राहिल्या, तर कांहींत त्यांच्या गुठळ्या झाल्या. त्यावरून १९०१ सालीं त्यांनीं मानवी रक्ताचे तीन गट सांगितले. चौथा 'एबी' हा गट पुढल्याच वर्षीं आढळला. या शोधाबद्दल १९३० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याचें मर्म असें आहे. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या जातीच्या सूक्ष्म खुणा असतात. एका खुणेस 'ए' म्हणतात, दुसरीस 'बी'. 'एबी' गटांत दोन्ही असतात व 'ओ' गटांत एकहि नसते. जी खूण आपल्या पेशींवर नाहीं, तिच्याविरुद्ध लढणारीं प्रतिपिंडें आपल्या रक्तजलांत बाळपणापासूनच तयार असतात. म्हणून 'ओ' गटाच्या मुलीस वडिलांच्या 'बी' पेशी दिल्या असत्या, तर तिच्या प्रतिपिंडांनीं त्या फोडून टाकिल्या असत्या; फुटलेल्या पेशींतील द्रव्यानें मूत्रपिंडें निकामी होऊन प्राणावरहि बेतलें असतें.

मग आईबापांचा गट मुलीस कसा लाभला नाहीं? गोत्र पित्याकडून अखंड चालत येतें, तसें रक्तगटाचें नाहीं. येथें आई व बाप प्रत्येकीं एक वांटा देतात. 'ए' व 'बी' हे वांटे प्रकट होतात. 'ओ' हा वांटा त्यांच्याआड लपून राहतो. आमच्या स्नेह्यांच्या 'बी' गटामागें एक 'ओ' दडलेला होता, तसाच त्यांच्या पत्नीच्या 'ए' गटामागेंहि. दोघांकडून ते लपलेले वांटे मुलीच्या वांट्यास आले व ती 'ओ' झाली. अशा दांपत्यास चार मुलें झालीं, तर चौघांचे गट चार असूं शकतात.

जातींच्या भिंतीहि हे गट जुमानीत नाहींत. पहिल्या महायुद्धांत सालोनिका येथें लुडविक व हांका हिर्श्फेल्ड या पतिपत्नींनीं अनेक देशांच्या सैनिकांचें रक्त तपासलें, व १९१९ सालीं त्याचें फलित प्रसिद्ध केलें. हिंदी सैनिकांत 'बी' गटाचें प्रमाण युरोपीयांहून पुष्कळच अधिक निघालें. म्हणजे प्रमाण देशपरत्वें बदलतें. परंतु आपल्याकडे कोणतीहि जात घेतली, तरी तींत चारही गटांचीं माणसें सांपडतात. 'आमच्यांतल्याच कोणाचें तरी रक्त मिळेल काय?' अशी पृच्छा आम्हीं शिकल्यासवरलेल्या मंडळींच्या तोंडूनहि ऐकिली आहे. पिशवीवर गट लिहिलेला असतो, जात नव्हे. आणि घेणाऱ्या देहासहि ती कळत नाहीं.

आतां जांवयांची गोष्ट. गट जुळत असूनहि त्यांस नकार कां मिळाला? 'ए' व 'बी' यांखेरीज तांबड्या पेशींवर इतर अनेक खुणा असतात. आजवर चाळीसहून अधिक रक्तगटपद्धती मान्य झाल्या आहेत. पतीच्या पेशींवरील जी खूण पत्नीच्या पेशींवर नाहीं, तिच्याविरुद्ध पत्नीच्या देहांत नवीं प्रतिपिंडें निर्माण होऊं शकतात. पुढच्या गर्भास तीच खूण पित्याकडून लाभली, तर तीं प्रतिपिंडें वारेंतून गर्भापर्यंत पोंचून त्याच्या पेशींचा नाश करितात. म्हणून जिला पुढें मातृत्व यावयाचें आहे, अशा स्त्रीस शक्य तोंवर पतीचें रक्त देत नाहींत.

यांतील सर्वांत महत्त्वाची खूण ऱ्हीसस ही होय. लँडस्टायनर व वीनर यांनीं १९४० सालीं ती प्रसिद्ध केली. आपल्या देशांत शंभरांत सुमारें पांच माणसांत ती नसते. त्यांस 'निगेटिव्ह' म्हणतात. माता निगेटिव्ह व बालक पॉझिटिव्ह असलें, तर प्रसूतीच्या वेळीं मातेच्या देहांत विरोधी प्रतिपिंडें निर्माण होण्याचा संभव असतो व पुढील बालकास धोका पोंचतो. १९६८ पासून यावर 'अँटि-डी' हें इंजेक्शन उपलब्ध आहे. तें गरोदरपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास, व बालक पॉझिटिव्ह निघाल्यास प्रसूतीनंतर बहात्तर तासांच्या आंत देतात. विवाह जुळवितांना वधूवरांचा गट एकच असूं नये, असा एक समज हल्लीं पत्रिकेच्या जोडीनें पसरला आहे. त्यास कांहींएक आधार नाहीं. वधू निगेटिव्ह असली तरीहि विवाह मोडण्याचें कारण नाहीं. तिच्या डॉक्टरांस तें वेळेवर ठाऊक असलें, म्हणजे पुरे.

आणखी एक गोष्ट तर ऐकून आम्हींहि चकित झालों. दिलेल्या रक्तांत दात्याच्या कांहीं जिवंत श्वेतपेशी असतात. दाता परका असेल, तर रोग्याचा देह त्यांस ओळखून नाहींशा करितो. परंतु दाता आईबाप, मूल किंवा भावंड असेल, तर त्या पेशी कधीं कधीं इतक्या सारख्या असतात कीं देह त्यांस परक्या मानीतच नाहीं. त्या तेथेंच ठाण मांडून वाढतात व यजमानाच्याच देहावर उठतात. असें क्वचित् घडतें, पण घडल्यास बहुधा प्राणावर बेततें. म्हणून जवळच्या आप्ताचें रक्त देणें भागच पडलें, तर आधीं त्यावर किरणांचा मारा करून त्या पेशी निकामी करितात. रक्ताचें नातें जितकें निकट, तितकी येथें सावधगिरी अधिक!

तथापि नातें सर्वथैव निरुपयोगी आहे असेंहि नाहीं, आणि याचें उदाहरण आपल्या मुंबईचेंच आहे. १९५२ सालीं डॉ. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनीं लंडनच्या संशोधकांसह 'लॅन्सेट' या नियतकालिकांत एका विलक्षण गटाची माहिती प्रसिद्ध केली. 'ए' व 'बी' या खुणा ज्या पायावर उभ्या राहतात, तो 'एच' नांवाचा पायाच या माणसांत नसतो. साध्या तपासणींत तीं 'ओ' भासतात, परंतु त्यांस 'ओ' गटाचेंहि रक्त चालत नाहीं. या गटास जगभर 'बॉम्बे' म्हणतात. आपल्या देशांत सुमारें दहा हजारांत एक एवढेंच त्याचें प्रमाण आहे. जवळच्या नात्यांत विवाह होतात तेथें तो अधिक आढळतो. अशा रोग्याच्या सख्ख्या भावंडांत तोच गट असण्याचा संभव चारांत एक असतो, म्हणून दाता शोधतांना आधीं भावंडांची तपासणी करितात.

इतर सर्वांच्या बाबतींत आधार आहे तो परक्याचाच. ताजें रक्त लगोलग देतां येत नाहीं. गट व जुळणी पाहण्याखेरीज काविळीचे दोन प्रकार, एच.आय.व्ही., उपदंश व हिंवताप यांच्या तपासण्या कराव्या लागतात. म्हणजे आणीबाणींत प्राण वांचवितें तें त्या क्षणीं धांवून आलेल्या आप्ताचें रक्त नव्हे, तर कोणीतरी आधींच देऊन ठेविलेलें. रक्त विकत देण्याघेण्याची चाल सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालान्वयें १ जानेवारी १९९८ पासून बंद झाली. तांबड्या पेशी फार तर बेचाळीस दिवस टिकतात, म्हणून पेढींतील सांठा सतत भरत रहावा लागतो. अठरा ते पासष्ट वर्षांच्या, किमान पंचेचाळीस किलो वजनाच्या निरोगी माणसास रक्त देतां येतें. पुरुषांस तीन महिन्यांनीं व स्त्रियांस चार महिन्यांनीं पुन्हां.

आमच्या स्नेह्यांस त्यांच्या प्रश्नाचें हें उत्तर आम्हीं सवडीनें सांगितलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. दिवाळीनंतर त्यांच्या पेठेंत रक्तदानाचें शिबिर भरलें, तेव्हां अठ्ठावन्नाव्या वर्षीं त्यांनीं पहिल्यानें रक्त दिलें. घरीं आल्यावर नातीस मांडीवर घेऊन ते आम्हांस म्हणाले, "त्या दोन पिशव्यांपैकीं एक आज परत केली. दुसरी फाल्गुनांत करीन."