रिपोर्ट क्लीन आहे, काका!

एप्रिलमध्ये मिशिगनचा बर्फ वितळला की माझा फोन वाजायला लागतो. पलीकडे अ‍ॅन आर्बरला एमएस संपवत आलेला एखादा मुलगा असतो, नाहीतर डेट्रॉइटजवळ पहिल्या नोकरीला लागलेली एखादी मुलगी. गाडी मनात आधीच ठरलेली असते. दोन दारं, बुटकं छत, मॅन्युअल गिअर, रिअर व्हील ड्राइव्ह. सायन एफआर-एस, सुबारू बीआरझेड, नाहीतर मस्टँग. किती मैल चाललीय, रंग कोणता, चाकं कुठली, हे सगळं सांगून झालं की शेवटी ते वाक्य येतं : "काका, रिपोर्ट क्लीन आहे. घेऊन टाकू ना?"

गाडी जरूर घे, पण या वाक्याच्या भरवशावर घेऊ नकोस.

हा शौक मला मुळीच चुकीचा वाटत नाही, हे आधी सांगतो. परवडणाऱ्या नव्या स्पोर्ट कूपे अमेरिकेत आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. होंडाने सिव्हिक कूपे २०२० च्या मॉडेलनंतर बंद केली. डॉज चॅलेंजर २०२३ अखेर थांबली, कॅमारोही त्याच सुमारास गेली. टोयोटा जीआर८६, तिची जुळी बहीण बीआरझेड आणि चार सिलिंडरची मस्टँग, या तीस हजार डॉलरच्या वरच सुरू होतात. विद्यार्थ्याला तेवढे पैसे झेपत नाहीत, म्हणून तो दहा-बारा वर्षं जुन्या गाडीकडे वळतो. इथवर सगळं बरोबर आहे. चुकतं ते पुढे, चार पानी पीडीएफला गाडीचा जामीनदार मानण्यात.

हा रिपोर्ट असतो तरी काय? कारफॅक्स ही कंपनी १९८४ मध्ये मिसुरी राज्यातल्या कोलंबिया गावात सुरू झाली, तीच मुळी मीटर मागे फिरवून गाड्या विकणाऱ्यांना आळा घालायला. राज्यांची वाहन खाती, पोलीस, विमा कंपन्या, लिलाव, डीलर आणि गॅरेजं यांच्याकडून येणाऱ्या नोंदी गोळा करून ती गाडीच्या १७ अक्षरी क्रमांकाखाली, म्हणजे व्हिनखाली, लावते. काम उपयोगाचं आहे. मीही प्रत्येक गाडीचा रिपोर्ट बघतो. पण कुणीतरी कुठेतरी नोंदवलेलंच त्यात येतं. आमच्याकडे पुरवल्या गेलेल्या माहितीवरच हा रिपोर्ट आधारलेला आहे, असं कंपनी स्वतः त्यावर छापते. 'अपघाताची नोंद नाही' याचा अर्थ 'अपघात झाला नाही' असा होत नाही. 'झाला असेल तर आम्हाला कुणी कळवलं नाही', एवढाच होतो.

दोन शेजाऱ्यांच्या गाड्या पार्किंगमध्ये घासल्या आणि त्यांनी रोख पैशांत मिटवलं, तर नोंद होत नाही. विम्याचा हप्ता वाढेल म्हणून मालकाने ओळखीच्या छोट्या बॉडी शॉपमध्ये काम करून घेतलं आणि त्या शॉपचा कारफॅक्सशी काही संबंध नसला, तरी नोंद नाही. आणि झालेल्या अपघाताची नोंद रिपोर्टमध्ये उतरायला आठवडे, कधी महिनेही लागतात. मधल्या काळात गाडी विकली गेली तर नव्या मालकाला कागद कोराच दिसतो.

हे कोणत्याही जुन्या गाडीला लागू आहे. स्पोर्ट कूपेच्या बाबतीत मात्र रिपोर्टमधलं हे भोक फार मोठं आहे, आणि तेच कुणी ऐकून घेत नाही. या गाड्या ट्रॅकवर नेल्या जातात. शनिवारी-रविवारी हौशी चालक शर्यतीच्या ट्रॅकवर जाऊन तासन्‌तास गाडी पिळून काढतात. अमेरिकेतल्या बहुतेक नेहमीच्या मोटार विमा पॉलिसी ट्रॅकवरचं नुकसान भरून देत नाहीत. मग तिथे गाडी कठड्यावर आदळली तर काय होतं? जागा खासगी, म्हणून सहसा पोलीस येत नाहीत. विमा लागू नाही, म्हणून क्लेम नाही. मालक ती ट्रेलरवर घालून घरी नेतो, जुन्या बाजारातून फेंडर आणि बंपर आणतो, स्वतः बसवतो. ज्या अपघातांची सगळ्यांत जास्त भीती बाळगायला हवी, तेच रिपोर्टपर्यंत पोहोचण्याची शक्यता सगळ्यांत कमी!

अपघात बाजूला ठेवू. इंजिनाचे हाल कुठल्या कागदावर येतात? एफआर-एसचा मॅन्युअल गिअरबॉक्स घ्या. तिसऱ्या गिअरचं गुणोत्तर १.५४१, दुसऱ्याचं २.१८८. तिसऱ्यात ७,००० फेऱ्यांवर असताना चालकाला चौथा टाकायचा होता आणि घाईत हात दुसऱ्यावर गेला, तर क्लच सुटताक्षणी चाकं इंजिनाला सुमारे ९,९०० फेऱ्यांवर खेचतात. लाल रेघ आहे ७,४०० वर. संगणक इंधन तोडतो, पण त्याचा इथे काही उपयोग नाही, कारण इंजिनाला फिरवणारं इंधन नसतं, रस्त्यावर धावणारी अख्खी गाडी असते. व्हॉल्व्ह स्प्रिंग थकतात, कधी व्हॉल्व्ह वाकतो. गाडी त्या दिवशी चालत घरी जाते आणि सहा महिन्यांनी नव्या मालकाच्या हातात बसते. काही पोर्शे गाड्यांचा संगणक अशा अतिफेऱ्यांची नोंद ठेवतो आणि जाणकार ग्राहक ती काढून बघतो. कारफॅक्समध्ये असा रकाना नाही.

आणि रिपोर्टमधली चांगली दिसणारी ओळसुद्धा प्रश्न विचारायला लावणारी असू शकते. २०१३ च्या एफआर-एस आणि बीआरझेडचं व्हॉल्व्ह स्प्रिंगचं रिकॉल नोव्हेंबर २०१८ मध्ये जाहीर झालं. या गाड्यांचं इंजिन आडवं, बॉक्सर जातीचं. स्प्रिंग बदलायला ते पूर्ण बाहेर काढावं लागतं, उघडावं लागतं, पुन्हा सीलंट लावून बंद करावं लागतं. त्या दुरुस्तीनंतर इंजिन बिघडल्याच्या तक्रारी काही मालकांनी केल्या. म्हणून 'रिकॉल पूर्ण' ही ओळ वाचून सुटकेचा श्वास सोडण्यापेक्षा काम कधी झालं आणि त्यानंतर गाडी किती हजार मैल बिनतक्रार चालली, हे विचारायला हवं. रिकॉल बाकी आहे का, हे राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर व्हिन टाकून फुकट कळतं.

मला राग येतो तो एका गोष्टीचा. ही मुलं ज्या घरांतून आली, तिथे सेकंडहँड मारुती ८०० घ्यायची असली तरी बाबा ओळखीच्या गॅरेजवाल्याला स्कूटरवर मागे बसवून घेऊन जायचे. तो बॉनेट उघडायचा, ऑइलची कांडी काढून तेल बोटांत चोळायचा, खाली वाकून गंज बघायचा, एक चक्कर मारायचा आणि मग मान हलवायचा. त्याच्या मान हलवण्यावर व्यवहार ठरायचा. त्याच घरातला मुलगा इथे येऊन बारा हजार डॉलर एका पीडीएफवर उधळायला तयार होतो! गॅरेजवाले इथेही आहेत. त्यांच्याकडून गाडी तपासून घेण्याला इथे प्री-पर्चेस इन्स्पेक्शन म्हणतात. विकणाऱ्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडे गाडी लिफ्टवर चढवायची, दीडशे-दोनशे डॉलर द्यायचे. विकणारा याला नाही म्हणाला तर तिथून निघायचं.

दोन वर्षांपूर्वी असाच एक मुलगा मला टोलेडोजवळ २०१३ ची एफआर-एस दाखवायला घेऊन गेला. रिपोर्ट कोरा करकरीत. मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावत गेलो. दारं, बॉनेट, छत, सगळीकडे ११० ते १३० मायक्रॉन, म्हणजे कारखान्याचा रंग. डाव्या मागच्या चाकावरच्या पत्र्याला यंत्र टेकवलं, तर ४०० च्या वर. म्हणजे खाली पुट्टी. दोन दारांच्या गाडीत हा पत्रा लांबलचक असतो आणि सांगाड्याला वेल्ड केलेला असतो, फेंडरसारखा बोल्ट काढून बदलता येत नाही. डिकीतला गालिचा उचलला. डाव्या बाजूच्या सांध्यावर ताजं सीलंट, उजवीकडे कारखान्याचं जुनं. डावा मागचा टायर आतल्या बाजूने जास्त झिजलेला. विकणारा माणूस खोटारडा नव्हता. तो तिसरा मालक होता, त्यानेही 'क्लीन' वाचूनच घेतली होती, आणि मी बोट दाखवत गेलो तसा त्याचाच चेहरा उतरत गेला.

तुमच्याकडे ते यंत्र नसलं तरी हातात बरंच काही आहे. फेंडर आणि बॉनेटच्या बोल्टांवर पाना लागल्याच्या खुणा आहेत का, ते बघा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या वर्षांचे असतील तर का, हे विचारा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. लागलाच नाही तर कुणीतरी तो बंद केलेला असू शकतो. ब्रेक डिस्कवर निळसर झाक किंवा बारीक तडे म्हणजे भरपूर उष्णता सोसलेली गाडी. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. फेऱ्या चढल्या आणि वेग मागेच राहिला, तर क्लच घसरतोय. आणि वीस-पंचवीस डॉलरचा कोड रीडर लावून बघा. १९९६ पासून इथल्या प्रत्येक नव्या गाडीत त्याची खाच असते. दोष-संकेत दिसला नाही म्हणून लगेच खूश होऊ नका, 'रेडिनेस मॉनिटर' बघा. बरेचसे 'तयार नाही' दाखवत असतील, तर बहुधा कालपरवा कुणीतरी कोड पुसले आहेत किंवा बॅटरी काढली आहे. इंजिन गार असतानाच गाडी सुरू करून बघायची असते. तुम्ही पोहोचायच्या आधीच ती गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.

टायटलबद्दलही तेच. विमा कंपनीने एकदा निकालात काढलेल्या गाडीच्या टायटलवर 'सॅल्व्हेज' किंवा 'रिबिल्ट' असा शिक्का बसतो. पण नियम राज्यागणिक वेगळे असल्याने गाडी दुसऱ्या राज्यात नोंदवून तो शिक्का धुऊन काढणारे आहेत. विमा कंपन्या आणि भंगारवाले यांना ज्यात नोंद करावीच लागते, तो केंद्रीय डेटाबेस म्हणजे एनएमव्हीटीआयएस. मान्यताप्राप्त संस्थांकडून त्याचा उतारा थोडक्या डॉलरांत मिळतो. कारफॅक्स असला तरी हाही काढा.

आता या गैरसमजाची दुसरी बाजू. रिपोर्टवर अपघात दिसला की गाडी बाद, असंही ही मुलं मानतात. टोलेडोची गाडी सोडल्यावर त्याच मुलाने एक बीआरझेड पाहिली. तिच्यावर दोन नोंदी होत्या, म्हणून इतर कुणी फिरकत नव्हतं. मालकाकडे दोन्ही दुरुस्त्यांची बिलं आणि फोटो होते. एकदा बंपर, एकदा आरसा. मेकॅनिकने लिफ्टवर तासभर घालवला आणि सांगाडा सरळ असल्याचं सांगितलं. मुलाने तीच घेतली, आणि हजारभर डॉलर कमी देऊन.

बाकीचे गैरसमज भराभर निकालात काढतो.

लाल गाडीचा विमा महाग असतो : विमा कंपनी रंग विचारत नाही आणि व्हिनमध्ये रंग लिहिलेला नसतो. वय, चालवण्याचा इतिहास, राहण्याचं ठिकाण आणि त्या मॉडेलच्या दाव्यांचा इतिहास महाग पडतो. गाडी ठरवण्याआधी व्हिन देऊन कोटेशन घ्या.

व्ही-८ नसलेली मस्टँग खरी नाही : १९६४ ची पहिली मस्टँग मुळात साध्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर मिळायची, व्ही-८ साठी जास्त पैसे पडायचे. २०११ च्या व्ही-६ मध्ये ३०५ अश्वशक्ती आहे, २००४ च्या व्ही-८ जीटीमध्ये २६०.

गाडी तीन दिवसांत परत करता येते : हे ऐकून मी हैराण होतो. फेडरल ट्रेड कमिशनचा तो तीन दिवसांचा नियम घरोघर येऊन केलेल्या विक्रीसाठी आहे आणि मोटारी त्यातून वगळलेल्या आहेत. एखाद्या राज्याचा वेगळा कायदा किंवा करारात तसं कलम असेल तरच परत करता येते. डीलरच्या काचेवर चिकटवलेला 'बायर्स गाइड' वाचा. 'ॲज इज' या चौकटीत खूण असेल तर नंतरचा खर्च तुमचा.

एक्झॉस्ट बदलला की वॉरंटी संपली : १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याप्रमाणे केवळ बाहेरचा भाग लावला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, त्या भागानेच बिघाड केला असेल तर येते.

कमी चाललेली गाडी नेहमी चांगली : वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये उभ्या गाडीचे टायर, रबरी नळ्या आणि तेलाचे सील मैल न चालताही म्हातारे होतात.

रिअर व्हील ड्राइव्ह बर्फात चालत नाही : चालत नाहीत ते समर टायर. साधारण ७ अंश सेल्सिअसखाली त्यांचं रबर कडक होतं आणि गाडी सपाट रस्त्यावरही घसरते. या कूपेंवर पुष्कळदा तेच टायर असतात, म्हणून दोष रिअर व्हील ड्राइव्हला मिळतो. बीआरझेड घेतलेल्या त्या मुलाने नोव्हेंबरमध्ये चारही विंटर टायर चढवले, दोन नव्हे, चारही. बीआरझेडने त्याच्याकडे दोन हिवाळे काढले आहेत आणि रोज सकाळी ती त्याला अ‍ॅन आर्बरहून ऑफिसला घेऊन जाते.