गड उतरताना गाडी का थरथरते?
ब्रेकच्या कंपनाची कारणे, निदान आणि उपाय

बीड, प्रतिनिधी : 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या श्रीक्षेत्र नारायणगडावर संत नगद नारायण महाराजांच्या दर्शनासाठी वर्षभर भाविकांची रीघ असते. एकादशी, दसरा अशा पर्वांना वाहनांची संख्या कित्येक पटींनी वाढते. १२ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या दसरा मेळाव्याच्या वेळीही गडाकडे येणारे रस्ते वाहनांनी भरून गेले होते. अशा गर्दीत, भरलेल्या गाडीने उतार उतरताना ब्रेकवर पाय ठेवताच स्टिअरिंग हातात थरथरू लागले, तर चालकाच्या काळजाचा ठोका चुकतो. 'डिस्क वाकली, बदलावी लागेल' हा त्यावरचा ठरलेला निष्कर्ष. मात्र, दर वेळी तो खरा असतोच असे नाही.

उतारावर नेमके काय घडते?

ब्रेक म्हणजे गतीचे उष्णतेत रूपांतर करणारी यंत्रणा होय. प्रवाशांसह सुमारे १३०० किलो वजनाची मोटार ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवताना साधारण १८० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये मुरते. हीच मोटार १०० मीटर उंची केवळ ब्रेकच्या भरवशावर उतरली, तर जवळपास १२७० किलोज्यूल ऊर्जेची उष्णता होते. म्हणजे सात वेळा ६०च्या वेगावरून गाडी थांबवल्यासारखेच. बालाघाटच्या डोंगररांगांतील उतारांवर किंवा मांजरसुंबा घाटात ब्रेक का तापतात, याचे उत्तर या हिशेबात आहे.

अतिशय तापलेल्या पॅडचा थर डिस्कवर असमान चिकटतो. उतार संपल्यावर पेडल दाबून गाडी एकाच जागी उभी ठेवली, तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. परिणामी डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहत नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका, एक-दोन शतांशांचा फरकही चाकाच्या प्रत्येक फेऱ्यागणिक पॅडला धक्का देतो. हाच धक्का स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. ज्याला सर्रास 'वाकलेली डिस्क' म्हटले जाते, ती पुष्कळदा वाकलेली नसून तिची जाडी असमान झालेली असते.

लक्षणांवरून निदान

- स्टिअरिंग थरथरत असेल, तर दोष बहुधा पुढच्या चाकांच्या डिस्कमध्ये असतो.
- आसन आणि गाडीची फरशी थरथरत असेल, तर मागील ड्रम गोलाई सोडून लंबगोल झाल्याची शक्यता असते. मोकळ्या, सपाट जागेत अत्यंत कमी वेगात हँडब्रेकचे बटण दाबून धरून तो हळूच ओढल्यावरही कंपन जाणवले, तर या शंकेला पुष्टी मिळते. उतारावर किंवा रहदारीत हा प्रयोग कदापि करू नये.
- ब्रेक न दाबताही ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगात गाडी थरथरत असेल, तर प्रथम व्हील बॅलन्सिंग, टायर आणि रिम तपासावेत.
- गाडी एका बाजूला ओढली जात असेल आणि एकच चाक जास्त तापत असेल, तर कॅलिपर किंवा त्याची पिन अडकलेली असू शकते.
- निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबल्यावर पायाखाली होणारी धडधड हे एबीएस यंत्रणेचे नेहमीचे काम आहे. तो बिघाड नव्हे.

लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग झिजलेले असल्यास किरकोळ कंपनही मोठे भासते. त्यामुळे ब्रेकबरोबर या भागांची तपासणीही आवश्यक ठरते.

खर्चापूर्वी मोजमाप

डिस्क बदलण्यापूर्वी दोन मोजमापांचा आग्रह धरावा. मायक्रोमीटरने डिस्कची जाडी सहा ते आठ ठिकाणी मोजावी आणि डायल गेज लावून तिचा डगमगाट पाहावा. अनेक मोटारींमध्ये ही मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत मिळतो. हबवर साचलेला गंज आणि माती हेही डगमगाटाचे मोठे कारण असते. हब तारेच्या ब्रशने स्वच्छ करून तीच डिस्क पुन्हा बसवल्यावर कंपन थांबल्यास नव्या डिस्कचा खर्च वाचतो.

डिस्क लेथवर घासून सपाट करता येते. परंतु तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा ती पातळ होता कामा नये. तशी होणार असेल, तर एका धुरीवरील दोन्ही डिस्क पॅडसह बदलणेच योग्य. चाकाचे नट आडव्या-तिरप्या क्रमाने आणि ठरावीक जोरानेच आवळावेत. एका बाजूने जास्त आवळलेले नट नव्या डिस्कलाही डगमगायला लावतात. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर गाडी पूर्ण न थांबवता मध्यम जोराने अनेकदा वेग कमी करावा, म्हणजे पॅडचा थर डिस्कवर समान बसतो.

चालकाने काय करावे?

उतारावर दुसऱ्या किंवा पहिल्या गिअरमध्ये राहून इंजिनाचाच ब्रेक वापरावा. पेडलवर सतत पाय न ठेवता थोडा वेळ ठाम दाबून सोडावे. गाडी न्यूट्रलमध्ये टाकून किंवा इंजिन बंद करून उतरण्याचा मोह टाळावा. इंजिन बंद झाल्यावर ब्रेकला मिळणारी व्हॅक्यूमची मदत दोन-तीन दाबांनंतर संपते. तापलेल्या चाकांवर पाणी ओतू नये. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. डॉट-३ प्रकारात तो किमान २०५ अंशांवरून १४० अंश सेल्सिअसपर्यंत खाली येऊ शकतो. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलणे हितावह असते.

कंपन जाणवत असले, तरी पेडल कडक असेल, तर वेग कमी ठेवून जवळचे गॅरेज गाठता येते. मात्र पेडल खोल जात असेल, मऊ लागत असेल किंवा जळका वास येत असेल, तर गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक थंड होऊ द्यावेत आणि मेकॅनिकने तपासल्याशिवाय पुढचा उतार उतरू नये. दर्शनाला अर्धा तास उशीर झाला तरी चालेल. भरलेली गाडी सुखरूप खाली पोहोचणे महत्त्वाचे आहे.